कॉर्न स्नेक खात नाही, थंड कोपरा सोडत नाही: हीट मॅट बदलायची का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहता. अकरा वर्षांच्या मुलासाठी जानेवारीत एका कुटुंबाकडून साधारण वर्षाचा कॉर्न स्नेक काचेच्या टाकीसकट घेतलात. पहिल्या आठवड्यात त्याने उंदराचं पिल्लू खाल्लं आणि तिसऱ्या दिवशी ओकून टाकलं. तेव्हापासून दर दोन-तीन दिवसांनी तुम्ही देऊन बघताय आणि तो तोंड फिरवतोय. टाकीखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई आहे, ती थेट प्लगला जोडलेली. काचेला चिकटवलेला गोल थर्मामीटर २३-२४ अंश दाखवतो. घरातलं हीटिंग रात्री बंद असतं, पहाटे खोली १६ अंशांवर येते. साप दिवसभर मॅटपासून लांब, पाण्याच्या भांड्याच्या आडोशाला बसून असतो. कुणीतरी मोठी मॅट किंवा विजेवर तापणारा दगड घ्या म्हणून सुचवलं. तुम्ही विचारताय की दोन्हींतलं काय घ्यावं, आणि मुळात त्याला थंडच आवडत असेल का.

दोन्ही घेऊ नका. थर्मोस्टॅट घ्या, म्हणजे ठरवलेलं तापमान गाठलं की मॅट आपोआप बंद करणारं उपकरण. आणि नाही, त्याला थंड आवडत नाही. तो तिथे का बसलाय हे एकदा नीट कळलं, की पुढचं बरंचसं आपोआप सुटेल, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी मिडलँड्समध्ये राहते. बरीच वर्षं कॉर्न स्नेक पाळते आणि लोकांनी सोडून दिलेले सरपटणारे प्राणी सांभाळणाऱ्या एका छोट्या केंद्रात मदत करते. न खाणारा, ओकणारा कॉर्न स्नेक आमच्याकडे आला की आम्ही सापाच्या आधी त्याची टाकी बघतो. मागच्या मालकाला टाकीचे फोटो पाठवायला सांगतो आणि मॅटची वायर कुठे जाते ते शोधतो. ती थेट भिंतीतल्या प्लगमध्ये गेलेली दिसली, तर आजाराचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

तुमच्याकडे काय होत असावं? हीट मॅट हवा फारशी तापवत नाही, ती स्वतःला टेकलेला पृष्ठभाग तापवते. तुमचा गोल थर्मामीटर काचेच्या मध्यावर चिकटलेला आहे, म्हणजे तो तिथल्या काचेचं आणि जवळपासच्या हवेचं तापमान सांगतो. मॅटच्या बरोबर वर, टाकीत अंथरलेल्या भुशाखाली, काचेच्या तळावर काय चाललंय याचा त्याला पत्ताच नसतो. थर्मोस्टॅट नसलेल्या मॅटवरची काच ४० ते ४५ अंशांवर गेलेली मी अनेकदा मोजली आहे, काही वेळा त्याहूनही वर. तेव्हा तुमच्या टाकीत एकाच वेळी दोन अडचणी असण्याची दाट शक्यता आहे: एका बाजूची जमीन भाजून काढणारी आणि बाकी सगळी टाकी थंड. सापाला या दोन्हींतून निवडायचं होतं आणि त्याने थंडी निवडली. भाजण्यापेक्षा थंडी परवडली, एवढाच त्याचा अर्थ.

आता ओकण्याचं बघा. साप स्वतःच्या शरीरात ऊब तयार करत नाही. पोटातलं अन्न पचवायला लागणारी ऊब त्याला बाहेरून घ्यावी लागते. कॉर्न स्नेक जेवल्यावर एक-दोन दिवस उबदार जागी पडून राहतो ते त्यासाठीच. १६ ते २० अंशांत पचनाचा वेग इतका मंदावतो की पोटातलं पिल्लू पचण्याआधी कुजायला लागतं आणि शरीर ते बाहेर टाकतं. तिसऱ्या दिवशी ओकणं या हिशेबात अगदी बसतं. मोठी मॅट लावलीत तर भाजणारा भाग मोठा होईल आणि थंड भाग थंडच राहील.

तापणाऱ्या दगडाबद्दल मी ठामपणे नको म्हणते. तो सगळीकडे सारखा तापत नाही, त्यावर एखादा ठिपका भलताच गरम असतो. आणि पोटाखाली भाजत असतानाही साप चटकन बाजूला होत नाही, त्याच जागी वेटोळं घालून पडून राहतो. त्यातून झालेल्या जखमा मी जवळून पाहिल्या आहेत. पोटावरचे रुंद खवले आधी गुलाबी, मग तपकिरी होतात, कडेने उचकटतात, खालून ओल दिसते. भरून यायला महिने जातात आणि अनेक काती टाकून झाल्या तरी डाग राहतो. आज संध्याकाळी तुमच्या सापाला हळूच उचलून पोट बघा. असं काही दिसलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जा.

आता किती अंश हवेत? कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला, न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला लुईझियानापर्यंत. पाइनची जंगलं, शेतं, धान्याची कोठारं, सुटलेल्या सालींमागच्या फटी ही त्याची राहण्याची ठिकाणं. तो बहुतेक वेळ लपून असतो आणि संध्याकाळी, रात्री हिंडतो. ऊब हवी असली की तापलेल्या जागी जाऊन टेकतो, पुरे झाली की निघतो. टाकीत आपल्याला हीच ये-जा शक्य करून द्यायची आहे. म्हणून एकच आकडा धरून सगळी टाकी तेवढी तापवायची नाही. उबदार टोकाला जिथे त्याचं पोट टेकतं तिथे २८ ते ३० अंश, थंड टोकाला २० ते २४. रात्री एरवी १८-२० पर्यंत उतरलं तरी धडधाकट सापाला चालतं. तुमचा नुकता ओकलेला आहे आणि लहान आहे, त्यामुळे पुढचे काही आठवडे रात्रीही थंड टोक २० च्या खाली जाऊ देऊ नका आणि उबदार टोक दिवस-रात्र चालू ठेवा.

थर्मोस्टॅटचे प्रकार बरेच आहेत, पण हीट मॅटसाठी साधा, चालू-बंद करणारा पुरतो. मॅट त्यात लावायची, तो भिंतीच्या प्लगमध्ये, आणि त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, टाकीपाशी. पुढेमागे दिवा लावलात तर मंद-प्रखर करणारा डिमिंग थर्मोस्टॅट लागतो, सिरॅमिक हीटरला (प्रकाश न देता फक्त ऊब देणारा) पल्स पद्धतीचा, म्हणजे वीज थोड्या-थोड्या झटक्यांत देणारा. साधा थर्मोस्टॅट दिव्याला जोडला तर दिवा सतत उघडझाप करतो आणि लवकर जातो.

खरी मेख प्रोब कुठे ठेवायचा यात आहे आणि इथे थोडी सविस्तर थांबते, कारण थर्मोस्टॅट विकत घेऊनही साप भाजलेली उदाहरणं आहेत. पुष्कळ जण प्रोब टाकीच्या आत, भुशावर ठेवून देतात. साप रात्री त्याच्याखालून सरकतो आणि प्रोब थंड कोपऱ्यात जाऊन पडतो. किंवा पाणी सांडतं, साप त्यावर शी करतो. थर्मोस्टॅटला वाटतं टाकी गार आहे, तो मॅट बंदच करत नाही. मग लोक प्रोब चिकटपट्टीने आत चिकटवतात, आणि ते तर मुळीच करू नका. चिकटपट्टी सुटली की सापाला चिकटते आणि काढताना खवल्यांसकट कातडी निघते. आमच्या केंद्रात टाकीच्या आत चिकटपट्टी लावायला कुणालाच परवानगी नाही.

काचेच्या टाकीत मी प्रोब बाहेरून लावते, मॅट आणि टाकीचा तळ यांच्यामध्ये, मॅटच्या बरोबर मधोमध. तिथे तो साप हलवू शकत नाही. मग थर्मोस्टॅट ३० वर ठेवते आणि एक वेगळा डिजिटल थर्मामीटर घेते, लांब वायर आणि टोकाला छोटा प्रोब असलेला, आणि त्याचं टोक आत, उबदार टोकाच्या लपणीखाली (साप लपतो त्या आडोशाखाली), भुशाच्या तळाशी काचेला टेकवते. तीन-चार तास काहीही करत नाही. मग वाचते. काच मध्ये असल्यामुळे आतलं तापमान बहुधा दोन-तीन अंश कमी निघतं. तेवढ्याने थर्मोस्टॅट वर सरकवायचा, पुन्हा तीन-चार तास थांबायचं, पुन्हा वाचायचं. आत २९-३० स्थिर दिसायला लागलं की झालं. माझ्या एका टाकीत आत २९ मिळवायला थर्मोस्टॅटवर ३३ ठेवावे लागतात, शेजारच्याच टाकीत ३१ पुरतात. काचेची जाडी, टाकीखालची फट, खोलीचा गारवा, सगळ्याचा फरक पडतो. म्हणून दुसऱ्याने सांगितलेला आकडा तुमच्या डायलवर ठेवू नका, आतलं मोजून ठरवा. हा थर्मामीटर नंतरही आतच असू द्या, वायर कडेने नीट खाली दाबून. थर्मोस्टॅट बिघडला तर तुम्हाला कळण्याचा तोच एक मार्ग.

पिस्तुलासारखी इन्फ्रारेड बंदूक असेल तर उत्तम, पृष्ठभाग झटकन मोजता येतो. मात्र झाकण उघडून मोजा. काचेतून रोखलीत तर ती काचेचंच तापमान सांगेल.

मॅटवरचा भुसा एक-दोन सेंटिमीटरच ठेवा. थर जाड असला की वरून गार लागतं आणि खाली ऊब कोंडते. साप बिळात शिरतो तसा थेट तळापर्यंत उकरत जातो आणि तिथे काचेला टेकतो, म्हणून मोजायचं ते तळाशीच. पाण्याचं जड भांडं मॅटवर ठेवू नका. मॅट तळाच्या साधारण एक-तृतीयांश भागाखालीच हवी, आणि टाकी खाली टेकलेली नसून छोट्या पायांवर थोडी उचललेली हवी, म्हणजे कोंडलेली ऊब खालून निघून जाते. मॅटला घडी पडली असेल, कडा उचकटल्या असतील किंवा करपल्यासारखा डाग दिसत असेल तर ती टाकून नवी आणा. जुन्या सामानाबरोबर आलेली मॅट मी सहसा वापरत नाही.

हे सगळं काचेच्या टाकीसाठी. लाकडी व्हिव्हेरियम (प्राणी ठेवायची पेटी) असतं तर उत्तर वेगळं असतं. लाकडाखाली लावलेल्या मॅटची ऊब वर पोचत नाही आणि लाकूड मात्र तापत राहतं. तिथे वरून ऊब देणारं साधन लावते, भोवती जाळीचा पिंजरा घालून, कारण साप दिव्याला विळखा घालतो. तुमच्याकडे पहाटे खोली १६ वर येते हे लक्षात घेता, वर्ष-दोन वर्षांत हा साप मोठा झाल्यावर लाकडी पेटीच घ्यावी असं मी सुचवेन. पूर्ण वाढलेला कॉर्न स्नेक सव्वा-दीड मीटरपर्यंत जातो आणि १५-२० वर्षं जगतो, म्हणजे पुढे मोठी पेटी लागणारच. तोपर्यंत टाकीच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून थर्मोकोलचे तुकडे लावा, वरची जाळी अर्धी झाका (पूर्ण नको, हवा खेळती हवी), टाकी खिडकीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून हलवा. आणि त्या एका खोलीचा रेडिएटर रात्री थोडा चालू ठेवा. विजेची काळजी तुम्ही लिहिली आहे, तर मॅटचा हिशेब असा: १५ वॉटची मॅट थर्मोस्टॅटवर साधारण अर्धा वेळ चालू राहिली तर दिवसाला ०.१८ युनिट. खर्च होतो तो खोली गरम ठेवण्याचा.

थर्मोकोलचा आणखी एक फायदा होईल. तीन बाजू झाकल्या गेल्या की सापाला उघड्यावर असल्यासारखं वाटणार नाही. तुमच्या फोटोत लपायला एकच जागा दिसते, भांड्यामागची. त्यामुळे तो थंडीत बसण्यामागे हेही कारण असू शकतं. कोवळा साप ऊब आणि आडोसा यांत बऱ्याचदा आडोसा निवडतो. दोन सारख्या लपणी ठेवा, एक उबदार टोकाला, एक थंड टोकाला. आत शिरल्यावर सापाची पाठ छताला आणि अंग भिंतींना टेकेल इतक्या लहान. मोठी, ऐसपैस गुहा माणसाला छान दिसते, सापाला नको असते. कात टाकायची वेळ आली, डोळे दुधाळ निळसर झाले, की एका डब्यात ओलं मॉस घालून तिसरी लपण द्या. त्या दिवसांत तो खात नाही आणि त्यात काळजीचं काही नसतं.

आता खाण्याचं. दर दोन-तीन दिवसांनी देऊन बघणं आजपासून थांबवा. ओकल्यावर पोटाला विश्रांती लागते, आणि नकोसा उंदीर तोंडासमोर नाचवला की घाबरलेला साप अजून घाबरतो. थर्मोस्टॅट लावून तापमान स्थिर झालं की तिथून १० ते १४ दिवस मोजा. या काळात खाणं नाही, हाताळणं नाही, फक्त रोज ताजं पाणी. मुलाला हे अवघड जाईल. त्याला तापमानाची वही द्या: सकाळ-संध्याकाळ दोन्ही टोकांचे आकडे लिहायचे. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना मी हेच काम देते आणि ती ते मोठ्यांपेक्षा नेटाने करतात. मुदत संपल्यावर नेहमीच्या अर्ध्या आकाराचं पिल्लू द्या. आधी फ्रिजमध्ये पूर्ण वितळू द्या, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा, पुसून कोरडं करा आणि संध्याकाळी चिमट्याने द्या. मायक्रोवेव्ह नको, बाहेरून शिजतं आणि आत बर्फ राहतो. जेवल्यावर ४८ तास त्याला हात लावायचा नाही. तसं तीन-चार वेळा पचलं की हळूहळू नेहमीच्या आकारावर या.

सासूबाई एप्रिलमध्ये येणार आहेत, घर शाकाहारी आहे आणि फ्रीजरमध्ये उंदीर, हे तुम्ही संकोचाने लिहिलंय. संकोच करू नका, हा प्रश्न मला मराठी आणि गुजराती घरांतून नेहमी येतो. शक्य असेल तर गॅरेजमध्ये छोटा फ्रीजर ठेवा. नसेल तर झाकणाचा अपारदर्शक डबा, त्यात बंद पिशवी, सर्वांत खालच्या कप्प्यात, आणि वितळवायला वेगळा डबा जो स्वयंपाकघरात कधीच वापरायचा नाही. सोवळं-ओवळं क्षणभर बाजूला ठेवलं तरी आरोग्याच्या दृष्टीने हेच बरोबर आहे. अशा गोठवलेल्या उंदरांतून माणसांना साल्मोनेलाची लागण झाल्याचं ब्रिटनमध्ये आढळलेलं आहे. सापाची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका, आणि साप, भुसा, उंदीर यांपैकी कशालाही हात लावला की साबणाने धुवा. आजींना आधी फोनवर सांगून ठेवा, येऊन अचानक दिसायला नको. साप बिनविषारी आहे आणि टाकीला कुलूप आहे, या दोन गोष्टींनी बहुतेकांची भीती उतरते. कुलूप मात्र खरंच लावा. बोटभर फटीतून कॉर्न स्नेक निघून जातो, आणि १६ अंशांच्या घरात हरवलेला साप सापडणं कठीण.

आणखी एक, कारण तुम्ही सगळीकडे ‘मुलाचा साप’ असं लिहिलंय. २००६ च्या अॅनिमल वेलफेअर कायद्यानुसार १६ वर्षांखालच्या मुलाच्या प्राण्याची जबाबदारी त्याला सांभाळणाऱ्या मोठ्या माणसावर असते. थर्मोस्टॅट तपासणं हे तुमचं काम, वही मुलाची.

महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्यांसाठी: यातलं काहीही धामण किंवा दिवड पकडून घरात ठेवायला वापरू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

उन्हाळ्याचं आत्ताच सांगून ठेवते, कारण तेव्हा गणित उलटतं. थर्मोस्टॅट मॅट बंद करू शकतो, खोली गार करू शकत नाही. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदा ४० च्या वर गेला, तेव्हा आम्ही सगळ्या मॅट बंद केल्या, टाक्या तळमजल्यावर उत्तरेच्या खोलीत हलवल्या, पडदे ओढले आणि फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाच्या बाटल्या टाकीला बाहेरून एका बाजूने टेकवल्या. एकाच बाजूने, म्हणजे गारव्यातही त्याला निवड राहते. कॉर्न स्नेकला थंडी बरीच सोसते, पण सगळी टाकी ३४-३५ वर गेली आणि कुठेच जायला जागा नसली तर काही तासांत जीव जाऊ शकतो. टाकीवर थेट ऊन कधीच नको, हिवाळ्यातलंही नाही.

तर क्रम असा. आज रात्री झाकण उघडून मॅटवरचा तळ मोजा. मोजायला काही नसेल किंवा ३५ च्या वर निघालं, तर मॅट बंद करा आणि थर्मोस्टॅट येईपर्यंत खोली २०-२२ वर ठेवा. पोट रिकामं असताना एक-दोन दिवस त्याने त्याचं काही बिघडत नाही. मग थर्मोस्टॅट, दोन लपणी, थर्मोकोल, आणि दहा-चौदा दिवसांची शांतता.

सापाचं वजन आजच ग्रॅममध्ये करून ठेवा, वेगळ्या काट्यावर, डब्यात ठेवून. दोन आठवड्यांनी पुन्हा करा. थोडं उतरलं तर घाबरू नका. पण दहातला एक भाग किंवा त्याहून जास्त उतरलं, किंवा दुसऱ्यांदा ओकला, किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय, नाकाशी फेस-बुडबुडे दिसतात, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतोय, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका, त्याच दिवशी पशुवैद्याला फोन करा. जाताना तापमानाची वही, मोजलेली वजनं आणि शक्य झाल्यास ताजी शी एका स्वच्छ डबीत घेऊन जा. वही सोबत असली की डॉक्टरांना टाकीतल्या उबेबद्दल अंदाज बांधत बसावं लागत नाही, थेट सापाकडे वळता येतं.